शंकाबाईंचा पत्ता

“बाई, तुम्ही रोज नेमकं कुठे काम करता?” सर्व्हरवाल्यांनी विचारलं.

शंकाबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. हे गृहस्थ तळघरातून वर यायचे तेच मुळी वर्षाकाठी एखाद्या वेळी, तेही कोणाचा तरी संगणक रुसला तर. आज कोणी बोलावलं नसताना येऊन उभे राहिले होते. हातात स्वतःचा चहाचा मग, अंगात स्वेटर. तळघरातली मशीनं थंड ठेवावी लागतात, त्यामुळे सर्व्हरवाले बाराही महिने स्वेटरमध्येच असायचे.

“इथेच,” बाई म्हणाल्या. “या खुर्चीत. तुमच्या जिन्यासमोर.”

“तसं नाही हो. आत. मशीनच्या आत तुम्ही कुठे असता, ते विचारतोय.”

आता याला काय उत्तर द्यायचं? इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी बाईंना नाही नाही त्या शंका विचारल्या होत्या, तेच त्यांचं काम होतं. कंपनी मोठी, शाखा पुष्कळ, गोदामं त्याहून जास्त. साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना कामाचं प्रशिक्षण संगणकावरच घ्यावं लागायचं. धडा वाचायचा, चित्रफीत बघायची, पेपर सोडवायचा. प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘शंका विचारा’ अशी एक चौकट होती. त्या चौकटीत कोणी काही लिहिलं की ते बाईंच्या पडद्यावर उमटायचं आणि बाई उत्तर द्यायच्या. दारावर ‘शंकानिरसन कक्ष’ अशी भारदस्त पाटी होती. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि बाई. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. त्या जागेवरून उठल्या की हिशेब विभागातला एक जण न चुकता विचारायचा, “लघु का?” पहिल्या वर्षी बाईंना राग यायचा. पुढे पुढे त्या विनोदाचीही सवय झाली.

सर्व्हरवाल्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि जरा आवाज खाली आणून सांगायला सुरुवात केली. बाईंना ते एका फटक्यात कळलं नाही, दुसऱ्या फटक्यात अर्धं कळलं, आणि जे कळलं त्याने डोक्याचा पार भुगा झाला.

आधी तळघरात प्रत्येक विभागाचं वेगळं मशीन होतं. पगाराचं वेगळं, मालाचं वेगळं, प्रशिक्षणाचं वेगळं. सगळी दिवसरात्र घुंईऽ करत वीज खायची आणि अर्धा वेळ रिकामी बसायची. मग कंपनीने काटकसरीचा विडा उचलला. एकच थोरलं मशीन आणलं आणि बाकीची सगळी त्याच्या पोटात घातली. म्हणजे लोखंड भंगारात गेलं, पण प्रत्येकाचा आत्मा म्हणा, संसार म्हणा, तो थोरल्याच्या आत जसाच्या तसा मांडला.

“थोरलं मशीन म्हणजे यजमान,” सर्व्हरवाले म्हणाले. “आणि आतली सगळी पाहुणे. गंमत अशी, की प्रत्येक पाहुण्याला वाटतं, हे अख्खं घर आपलंच आहे.”

“माझी नणंद आमच्याकडे अशीच राहून गेली,” बाई म्हणाल्या.

सर्व्हरवाले हसले नाहीत, तेव्हा बाईंना पहिल्यांदा काहीतरी बिनसल्याचा वास आला.

यजमानाला हल्ली धाप लागत होती. जागा पुरत नव्हती म्हणून सर्व्हरवाले पाहुणे मोजायला बसले, तर एक पाहुणा जास्तीचा निघाला. कोणाच्याच नावावर नसलेला, पण चालू असलेला. आत डोकावून पाहिलं तर हुबेहूब प्रशिक्षणाचं मशीन. तेच धडे, तेच पेपर, तीच शंकांची चौकट. आणि त्या एवढ्या मोठ्या घरात येणंजाणं फक्त दोघांचं. एक कोणीतरी ‘गोदाम चार’. दुसऱ्या शंकाबाई.

“मशीनं हलवायच्या आधी आपण प्रशिक्षणाची एक नक्कल करून बघितली होती, चाचणीसाठी,” सर्व्हरवाले म्हणाले. “तुम्हाला तिचा पत्ता पाठवला होता. नीट चालतंय का बघा, म्हणून.”

“हो. मी बघून सांगितलंही होतं की सगळं ठीक आहे.”

“त्यानंतर आम्ही खरं मशीन हलवलं. त्याला नवा पत्ता दिला. तो सगळ्यांना कळवला.”

“मला नाही कळवला.”

सर्व्हरवाल्यांनी मगातला उरलेला घोट घेतला. “तुमच्याकडे आधीच आहे, असं आम्हाला वाटलं.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. रोजचंच पान होतं. वरच्या कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, खाली धड्यांची रांग, उजवीकडे त्यांची चौकट. त्यात खोटं काय होतं ते त्यांना दिसेना. खोट्या नोटेवर निदान काहीतरी खोट असते. इथे खरंही हेच आणि नक्कलही हीच. सात-आठ महिने त्या रोज सकाळी येऊन, टेबल पुसून, डबा खालच्या खणात ठेवून ज्या घरात शिरत होत्या, ते घर चाचणी संपल्यावर मोडायचं राहून गेलेलं होतं.

सुरुवातीला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. नकलेत आधीच्या शंकाही उतरल्या होत्या, त्या संपवण्यात दोन-तीन आठवडे निघून गेले. मग शंका विरळ झाल्या. मग थांबल्याच. बाईंना त्याचा आनंदच झाला होता. घरी जाऊन त्यांनी सांगितलंही होतं, की लोक शहाणे झाले. “एवढ्यात?” त्यांचे हे म्हणाले होते. “मला शंका आहे.” प्रशिक्षणप्रमुख मॅडमनीसुद्धा बैठकीत कौतुक केलं होतं, की नव्या व्यवस्थेत शंकानिरसनाबद्दल एकही तक्रार नाही. बाईंनी मान खाली घालून ते कौतुक घेतलं होतं. आता आठवून त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“मग खऱ्या मशीनवर इतके दिवस उत्तरं कोण देत होतं?” त्यांनी विचारलं.

“कोणीच नाही. शंका आली की मशीन आपोआप लिहून पाठवतं, आपली शंका मिळाली, लवकरच निरसन केलं जाईल. बस्स.”

“लोक बोंबलले असतील.”

“तेच तर, बाई,” सर्व्हरवाले म्हणाले. “कोणी नाही बोंबललं.”

हे वाक्य बाईंना त्या क्षणी नीट लागलं नाही. ठेच लागते तेव्हा आधी नुसतं बधिर होतं, तसं झालं. त्यांच्या डोक्यात दुसराच माणूस आला होता.

गोदाम चार.

हा त्या मोठ्या रिकाम्या घरातला दुसरा रहिवासी. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. गोदामाच्या संगणकावरून यायचा म्हणून त्याच्या प्रत्येक शंकेवर ‘गोदाम चार’ एवढंच उमटायचं. पोती-पेट्या उचलण्यात उमर गेलेला माणूस. गुडघे कामातून गेले होते आणि त्याच गोदामात पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. खुर्चीवर बसून माल नोंदवायचा, दुसऱ्यांकडून उचलवून घ्यायचा. पण त्या जागेसाठी प्रशिक्षणाचे सगळे पेपर पास हवेत, अशी अट. तेव्हा हा बाप्या या वयात अभ्यासाला बसला.

आणि बसला तो शंकांचं गाठोडं घेऊनच. “आग लागल्यास शांत राहावे व बाहेर पडावे, असे लिहिले आहे. आधी शांत राहून मग पळायचे, की पळून मग शांत राहायचे?” दुसऱ्या दिवशी, “पेटी उचलताना गुडघे वाकवावेत हे उत्तर मी दिले नाही, कारण माझे वाकत नाहीत. तर चूक धरली. हा अन्याय नाही का?” बाईंनी लिहिलं, की पेपर तुमच्या गुडघ्यांचा नाही, नियमाचा आहे, नियम लिहा आणि पुढे चला. उलट टपाली उत्तर आलं, “पटले नाही. पण लिहितो.” एकदा तो एकाच पेपरात तीनदा आपटला. बाईंनी त्याला टक्केवारी अगदी पहिलीपासून समजावली, पाव म्हणजे किती आणि अर्धा म्हणजे किती इथपासून. ‘मॅडम’ची ‘ताई’ कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. इतर शंका आटल्यावर बाईंना वेळच वेळ होता. गेल्या आठवड्यात त्याने कळवलं होतं, “ताई, शेवटचा पेपरही निघाला. आता शुक्रवारी नावे काढणार आहेत.”

बाईंनी सर्व्हरवाल्यांना विचारलं, की शुक्रवारी नावं काढणार ती कुठून.

“खऱ्या मशीनवरून.”

“तिथे या माणसाच्या नावापुढे काय दिसतं?”

सर्व्हरवाल्यांनी ते आधीच बघून ठेवलं असावं. “एकही धडा उघडलेला नाही, असं,” ते म्हणाले. “पण मला सांगा, हा तिथे गेलाच कसा? नकलेचा पत्ता तर तुमच्याखेरीज कोणाला दिलाच नव्हता.”

पत्ता त्यांनीच दिला होता. अगदी सुरुवातीला कंपनीच्या ई-मेलवर गोदाम चारचा निरोप आला होता, की नवं पान उघडत नाही, काय करू? बाईंनी त्यांच्या पडद्यावर जो पत्ता होता तो त्याला पाठवून दिला होता, आणि खाली लिहिलं होतं, “इथून या. माझ्याकडे व्यवस्थित चालतं.”

सर्व्हरवाले माणूस वाईट नव्हते. त्यांच्याही गळ्याशी आलं होतं, नकलेचा विसर त्यांनाच पडला होता, पण आपल्याबरोबर बाईही बुडू नयेत असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी तोडगा काढूनच आणला होता. आज ते बाईंचा पत्ता गुपचूप बदलणार. उद्यापासून बाई खऱ्या मशीनवर. शुक्रवारी नक्कल पुसून टाकायची, जागा मोकळी. कोणाला कानोकान खबर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“आणि तो?”

“तो पुन्हा देईल पेपर. आता त्याला सगळं येतंच.”

“शुक्रवारच्या आत? सगळे?”

सर्व्हरवाले म्हणाले, की त्याचे निकाल इकडून तिकडे हलवता येतात, अर्ध्या तासाचं काम आहे. पण निकालाला हात लावायचा तर मॅडमची लेखी परवानगी हवी. परवानगी मागायची म्हणजे का, कधीपासून, कोणामुळे, सगळं सांगणं आलं. “आणि बाई, माझं काय, मला चार शब्द ऐकवतील, सोडून देतील. यजमानाला माझ्याशिवाय कोण सांभाळणार? पण वरच्यांना हे कळलं, की इतके महिने शंकांना उत्तरच नव्हतं आणि तरी कोणाचं काही अडलं नाही… तर तुमचा पत्ता कट. लिहून देतो.”

तेव्हा कुठे ते मघाचं वाक्य बाईंना लागलं.

दुपारभर त्या पडद्यासमोर बसून राहिल्या. टेबल होतं, खुर्ची होती, त्याही होत्या. पण आपण नक्की कुठे आहोत ते त्यांना समजेना. इतके महिने केलं ते काम होतं, की कामाची नक्कल होती? शंका नसताना आपण इतके समाधानी कसे होतो? पूर्वी दिलेली उत्तरं तरी कोणी वाचत होतं का? मधेच पडद्यावर गोदाम चारची शंका उमटली. “ताई, पर्यवेक्षकाला स्वतःची टाचणी-कागद आणावे लागतात की गोदाम देते?” एरवी बाईंनी लगेच लिहिलं असतं. आज बोटं कळफलकावर ठेवून त्या थबकल्या. यापुढे इथे लिहिलेलं शुक्रवारी पुसलं जाणार. पण तो तर वाट बघत बसला असणार. शेवटी त्यांनी लिहिलं, “गोदाम देतं.” आणि खोटं बोलल्यासारख्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

घरी त्यांच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. पूर्वी लोक चष्मा करायला त्यांच्याकडेच यायचे. आता चकचकीत दुकानं झाली, तिथे जायचे. ह्यांच्याकडे यायचे ते दांडीचा स्क्रू आवळून घ्यायला, आणि स्क्रू आवळायचे पैसे घेणं ह्यांना जमत नव्हतं. घर बाईंच्या पगारावर चालत होतं. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी बाईंनी दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं. ह्यांनी एक काच पुसत पुसत ऐकलं.

“म्हणजे ते मशीन खोटं आहे?”

“खोटं नाही हो. खरं आहे, पण आत आहे.”

“मग तू कुठे होतीस?”

“मीही आत.”

“आणि पगार?”

“तो बाहेर.”

“मग बरं आहे की,” हे म्हणाले. बाई हसल्या नाहीत, म्हणून त्यांनी काच खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं, की ते यजमानाचं काय म्हणालीस. बाईंनी पुन्हा समजावलं. यजमानाच्या जिवावर सगळे पाहुणे. यजमान बंद पडला की सगळे बंद.

“आपल्याकडे उलटं आहे,” हे दुकानाच्या रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले. “यजमान कधीचा बंद पडलाय. पाहुणीवर घर चाललंय.”

हे विनोद करताहेत की दुसरं काही, ते बाईंना कळेना. ह्यांनाही बहुतेक कळत नव्हतं. मग बाईंनी सरळच विचारलं, की मी काय करू.

“हे बघ,” हे म्हणाले, “गप्प बस असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि जाऊन सांग असं म्हणायचा मला हक्क नाही. दुकान चालत असतं तर म्हणालो असतो.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस आपल्यासमोर इतका उघडा पडून कधी बोलला नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. हे उठले, दुकानाचा अर्धा दरवाजा लावून घेतला आणि बाईंच्या नाकावरचा चष्मा काढून तो धुऊन आणला.

सकाळी बाई आपल्या टेबलावर गेल्याच नाहीत. जिना उतरून थेट तळघरात गेल्या. सर्व्हरवाले थोरल्या मशीनसमोर बसले होते. एकटं मशीन, हिरवे दिवे लुकलुकत होते. पूर्वी जिथे बाकीची मशीनं होती तिथे फरशीवर चौकोनी डाग उरले होते.

“मला एकच सांगा,” बाई म्हणाल्या. “त्याने जे पेपर दिले, त्यातले प्रश्न खरे होते का?”

“म्हणजे?”

“खऱ्या मशीनवर जे प्रश्न आहेत, तेच होते का?”

“तेच. शब्दन् शब्द. नक्कल म्हणजे तीच, बाई.”

“मग उत्तरंही खरी धरायला पाहिजेत.”

“ते बरोबर आहे. पण…” सर्व्हरवाल्यांनी पुढे काहीतरी सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं नाही, कारण अजून थोडं ऐकलं असतं तर त्यांना ते पटलं असतं. पाहुण्याला आपणच ‘इथून या’ म्हटलं, आता तो आत असताना घर पाडायचं आणि आपण मागच्या दाराने निघून जायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्यांना स्पष्ट दिसत होती. बाकी सगळं अजूनही धुरकटच होतं.

मॅडम वयाने बाईंपेक्षा लहान, वागायला फार सभ्य. त्यांनी बाईंना बसवलं, पाणी मागवलं, मधे एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. गोदाम चारचा प्रश्न त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढला. त्या माणसाची काय चूक, म्हणाल्या, आणि सर्व्हरवाल्यांना लेखी कळवून टाकलं, की त्याचे निकाल आजच्या आज हलवा. बाईंना इतकं हलकं वाटलं, की त्या उठायलाच निघाल्या.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी संगणकावर काहीतरी शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं. “या महिन्यांमधले पास होणाऱ्यांचे आकडे बघतेय. मागच्या वर्षीइतकेच आहेत. उलट किंचित जास्तच.”

बाईंनी मागे सरकवलेली खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

“कोणीही उत्तर देत नव्हतं आणि कोणाचंही अडलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “हे तुमच्याबद्दल नाही, बाई. तुम्ही प्रामाणिकपणे येऊन सांगितलंत, याची मी नोंद घेईन. पण हे माझ्यासमोर आल्यावर मला डोळेझाक करता येणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरं देणाऱ्या बाईंना याचं उत्तर सुचलं नाही. गंमत म्हणजे मॅडमचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही येईना. मॅडमचं म्हणणं त्यांना कळत होतं. फक्त ते कळूनही आत कुठेतरी बसत नव्हतं, दुसऱ्याच्या मापाच्या चपलेसारखं. एका माणसाचं अडलं होतं की, असं त्यांना जिना उतरताना सुचलं. पण तेव्हा मॅडम समोर नव्हत्या.

दोन दिवसांत कागद आला. शंकानिरसनाचं पद महिनाअखेरपासून गोठवण्यात येत आहे. यापुढे शंकांची पोच मशीन देईल. हिशेब विभागातल्या त्या विनोदी माणसाने टेबलापाशी येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला लघुशंकेखेरीज बाईंशी काही बोलायची सवयच नव्हती. तो नुसताच उभा राहिला आणि गेला. घरी ह्यांनी कागद वाचला, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर ‘स्क्रू आवळून मिळेल’ अशी पाटी लावली, खाली दरासकट. बाईंना ती पाटी बघवली नाही आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

निकाल सांगितल्या दिवशीच हलवले होते, पण ते सांगायला सर्व्हरवाले स्वतः वर आले ते कागद आल्यावर. सगळे पेपर उतरले, म्हणाले, टक्केवारीचा तीनदा नापाससुद्धा. मग त्यांनी बाईंच्या संगणकावर खऱ्या मशीनचा पत्ता घातला. घालताना त्यांना बाईंच्या नजरेला नजर देववेना. “आता कशाला खरं तर,” ते पुटपुटले. “पण महिनाभर बसायचंच आहे तुम्हाला, तर योग्य ठिकाणी बसा.”

पान उघडलं. तेच बोधचिन्ह, तीच धड्यांची रांग. पण उजवीकडची चौकट भरून वाहत होती. महिनोन् महिने साठलेल्या शंका, एकीवर एक. प्रत्येकीखाली एकच ओळ, आपली शंका मिळाली, लवकरच निरसन केलं जाईल. बाई खाली खाली जात राहिल्या आणि तळ लागेना. कोणी बोंबललं नव्हतं हे खरं होतं. पण विचारलं होतं. कोणी एकदा विचारून गप्प बसलं होतं. कोणी तीच शंका पुन्हा विचारली होती, जरा जास्त नम्रपणे. कोणी शेवटी लिहिलं होतं, राहू द्या, अंदाजाने भरलं. म्हणजे लोकांना आपली गरज होती, की नव्हती? अडलं नव्हतं, म्हणजे नेमकं काय झालं होतं? बाईंनी विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

त्यांनी अगदी तळापासून सुरुवात केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, हे त्यांनाही कळत होतं. सांगितलं कोणी नव्हतं, विचारणार कोणी नव्हतं. तरी त्या सकाळी यायच्या, टेबल पुसायच्या आणि जुन्यात जुनी शंका उघडायच्या. बहुतेकांकडून काहीच परत यायचं नाही. एका बाईने लिहिलं, “मी हे विचारलं होतं का? आठवत नाही. पण धन्यवाद.” एकाचं उत्तर त्याच्या जागी आलेल्या माणसाने वाचलं आणि कळवलं, की ते गृहस्थ निवृत्त झाले, पण माझीही हीच शंका होती.

शुक्रवारी नावं लागली. त्यात गोदाम चारचं होतं की नाही, हे बाईंना कळेना. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सर्व्हरवाल्यांना विचारायचा त्यांना धीर झाला नाही. संध्याकाळी नक्कल पुसली, असं सर्व्हरवाल्यांनी जिन्यातूनच सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

सोमवारी त्या साठलेल्या ढिगातून वर वर येत असताना, सगळ्यात वरती, नव्या शंकांमध्ये एक ओळ उमटली. या वेळी गोदामाचा आकडा नव्हता, ‘पर्यवेक्षक’ असं लिहिलेलं होतं. तरी बाईंनी अक्षर ओळखावं तशी ती ओळखली.

“ताई, आमचे जुने पान बंद झाले. आता इकडे पाठवले आहे. इथे फार गर्दी आहे आणि कोणालाच उत्तर मिळालेले दिसत नाही. तुम्ही इथे आहात ना?”

खाली मशीनची ओळ लगेच येऊन बसली होती, आपली शंका मिळाली.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी लिहिलं, “आहे.” जरा थांबल्या. खोटं लिहायचं नव्हतं म्हणून पुढे लिहिलं, “महिनाअखेरपर्यंत आहे. काय विचारायचं ते विचारून घ्या.”